ग्लासातलं ढेकूळ

आमच्या जीपच्या मागच्या सीटखाली जेवढी माती साचते, तेवढेच किस्सेही साचतात. दोन्हीची जबाबदारी शंकरभाऊंची, म्हणजे आमच्या ड्रायव्हरची. माती ते कधीमधी झाडून काढतात. किस्से मात्र जपून ठेवतात आणि पुढच्या गावाला जाताना थोडी भर घालून आम्हालाच परत सांगतात. मी इथे भर न घालता सांगणार आहे, निदान तसा प्रयत्न आहे.

आम्ही तिघं वर्ध्याच्या एका छोट्या संस्थेत माती-पाण्याचं काम करतो. वावरात पाणी किती वेगाने जिरतं ते मोजायचं, आणि जिरत नसेल तर का जिरत नाही ते मालकाला सांगायचं. पहिलं काम सोपं आहे. वंदनाताई मेश्राम आमच्या प्रमुख, मातीच्या शास्त्रात एम.एस्सी. शंकरभाऊ गाडी चालवतात आणि न मागता सल्ले देतात. मी तळेगावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. ॲग्रीचा डिप्लोमा करतो म्हणालो तेव्हा आमचे बाबूजी तराजूवरून नजर न काढता म्हणाले होते, "शीक बापा, पण मातीले गिऱ्हाईक नसते, एवढं ध्यानात ठेवजो."

बाबूजींचं म्हणणं अर्धं खरं निघालं. गिऱ्हाईक नसतं, पण किस्से भरपूर असतात. आणि गंमत म्हणजे, आमचे सगळे किस्से फिरून फिरून एकाच वावरापाशी येतात. ते वावर वंदनाताईंच्या वडिलांचं.

*

सुरुवात आष्टीकडच्या एका वावरापासून करतो. मे महिना होता आणि आम्ही रिंग टेस्ट करत होतो. रिंग टेस्ट म्हणजे फार काही नाही. लोखंडाची दोन कडी, एक मोठं आणि त्याच्या आत एक लहान, जमिनीत ठोकायची. त्यात पाणी भरायचं आणि घड्याळ घेऊन पाणी किती उतरतं ते बघत बसायचं.

आम्ही एक कॅन ओतला. गेला. दुसरा ओतला, तोही गेला. शंकरभाऊ ड्रम घेऊन विहिरीवर गेले, तो ड्रमही त्या कड्यांनी गिळला. मोजायला पाणी थांबेल तर ना! मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळं बघत होते. त्यांचं शेजाऱ्याशी धुऱ्यावरून जुनं भांडण, त्यामुळे त्यांच्या डोक्यात वेगळीच शंका आली. ते उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही माहं वावर पाजून राह्यले का त्याचं?"

झालं होतं असं की, नेमकी कड्यांच्या खाली भेग होती. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरचं पाणी खाली जायला वाट शोधत बसतं. ऑगस्टमध्ये आम्ही त्याच वावरात, त्याच जागी परत कडी ठोकली. पाणी भरलं, डबे खाल्ले, मालकांच्या घरून चहा आला तो प्यायलो. पाणी जिथल्या तिथे. परत कड्यांपाशी आलो तर त्यात एक बेडूक येऊन बसला होता.

दोन्ही रिपोर्ट संस्थेच्या सेक्रेटरींपुढे गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं की एकाच वावराचे हे दोन रिपोर्ट, यातला खोटा कोणता? वंदनाताई म्हणाल्या, "दोन्ही खरे आहेत सर. एकाच माणसाला आपण एकदा उपाशीपोटी विचारलं आणि एकदा भरल्या पोटी."

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "ठीक आहे. सरासरी लिहा."

*

भेगांवरून आठवलं. पुढच्याच उन्हाळ्यात पुलगावजवळच्या एका वावरात मी वाकून नमुना काढत होतो, तेवढ्यात वरच्या खिशातला माझा मोबाईल सटकला आणि सरळ भेगेत गेला. वरून काही दिसेना. शंकरभाऊंनी आपल्या फोनवरून कॉल लावला, तर जमिनीच्या पोटातून भजन वाजायला लागलं. ते आमच्या आईने लावून दिलेलं होतं.

त्यांनी फोन कट केला तरी भजन परत सुरू झालं. आता खुद्द आईचाच फोन येत होता. मी उचलत नाही म्हटल्यावर तिने शंकरभाऊंना लावला. शंकरभाऊ सरळ माणूस. त्यांनी जे होतं ते सांगितलं की काकू, फोन जमिनीत गेला आहे. पलीकडे आईच्या आवाजाला कापरं भरलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, आणि घाईघाईने म्हणाले, "पोरगा वरच आहे काकू. फोन तेवढा गेला."

आईने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "मंग त्याले म्हणा, जेवून घेजो."

खुरपीने खणून, दंडापर्यंत हात घालून मी फोन काढला तोवर ऊन कलायला आलं होतं. वंदनाताई बाजूला उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या की या भेगा म्हणजे जमिनीने पाण्यासाठी उघडी ठेवलेली दारं असतात, वळवाचं पाणी इथूनच आत जातं, आणि लोक ट्रॅक्टरने रोटावेटर मारून, वरची माती पिठासारखी करून ही दारं लिंपून टाकतात. हे बोलताना त्या रस्त्यापलीकडच्या वावराकडे बघत होत्या. ते वावर इतकं सपाट आणि साफ होतं की त्यात एक काडी दिसत नव्हती.

मी विचारलं की ते कोणाचं. शंकरभाऊंनी मला कोपराने ढोसलं. तोवर ताई म्हणाल्या, "आमच्या बाबांचं."

*

तर नामदेवराव मेश्राम. पुलगावच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे दारूगोळा असतो, त्यामुळे वाळलेल्या गवताची काडी म्हणजे धोका. नामदेवरावांचं काम गवत कापून घ्यायचं, पालापाचोळा उचलून घ्यायचा आणि जमीन लख्ख ठेवायची. ते काम त्यांनी असं केलं की पुढे पुढे घरातही चहाच्या कपाखाली गोल डाग पडला तर तो पुसल्याशिवाय ते उठत नसत.

रिटायर झाल्यावर जे हाती आलं त्यातून त्यांनी पुलगावजवळच्या एका गावात, रस्त्याला लागून वावर घेतलं. त्यांचे वडील आणि आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. घराण्यात सातबाऱ्यावर नाव लागलेला हा पहिला माणूस. वंदनाताई सांगतात, सातबारा हातात आला त्या दिवशी बाबांनी कोणाला पेढा दिला नाही. वावराच्या चारही धुऱ्यांवरून एक फेरी मारली आणि मग उलट्या बाजूने आणखी एक मारली.

आणि मग त्यांनी त्या वावराचा डेपो केला. कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून, गोळा करून, जाळून मोकळे. धुऱ्यावरचं गवत खरडलेलं. रोटावेटर एकदा नाही, दोनदा, माती मैद्यासारखी होईपर्यंत. आणि शेवटी रस्त्याकडच्या बाजूला स्वतः खराटा घेऊन झाडायचे. वावरात खराटा! शंकरभाऊ म्हणायचे, "त्या वावरात पाय टाकताना चप्पल काढाव का काय, असं वाटते."

दिसायला देखणं होतं वावर. पण पाऊस आला की त्या मैद्याचा चिखल व्हायचा, चिखलाची साय धरायची, आणि पाणी वर तळं करून बसायचं. खाली, रोटावेटर जिथपर्यंत पोचतो तिथे, दरवर्षी त्याच खोलीवर घासून घासून फरशीसारखा थर झालेला. पाणी ना खाली जाई ना मातीत मुरून राही. सोयाबीन पिवळं पडायचं, तूर उभ्या उभ्या मरायची. मग पावसाने आठवडाभर डोळे वटारले की तेच वावर तहानेने तडफडायचं. पाऊस दारापर्यंत यायचा आणि माघारी जायचा.

शेजारी दादाराव. हे वावर त्यांनीच विकलं होतं. ते अधूनमधून धुऱ्यावर यायचे आणि फार गोड आवाजात म्हणायचे, "जमत नसन त परत द्या नामदेवरावजी. मी घेतो. तुमाले काऊन या वयात तरास?"

पैशाला ते पैसे देणारच होते, त्यात खोट नव्हती. तो गोड आवाज मात्र नामदेवरावांना जेवताना आठवायचा, असं वंदनाताईंची आई सांगायची.

*

मध्येच एक हलका किस्सा सांगून घेतो, कारण पुढचा जड आहे.

आष्टीच्या डोंगराच्या पायथ्याला एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने शेततळं खोदलं. आम्ही सांगितलं होतं की इथे मुरूम आहे, पाणी थांबणार नाही. पण काळ्या मातीतल्या मेव्हण्याच्या तळ्यात पाणी थांबतं, तर माझ्याही थांबेल, असं त्यांचं शास्त्र. पावसाळ्यात तळं भरलं, त्यांनी नारळ फोडला, दोन दिवसांत तळं कोरडं. परत पाऊस, परत भरलं, परत कोरडं.

इकडे उताराखालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला कधी नव्हे ते काठोकाठ पाणी आलं. आम्ही गेलो तेव्हा ते गृहस्थ तळ्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते. वंदनाताईंनी समजावलं की पाणी वाया गेलेलं नाही, मुरमाच्या फटीफटीतून खाली गेलं आहे, गावाच्याच कामाला आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ते ठीक आहे म्याडम. पण मंग त्यानं विहिरीले माहं नाव तरी द्याव."

*

आता तो जड किस्सा.

गावोगाव आम्ही एक प्रयोग दाखवतो. काचेचे ग्लास ओळीने मांडायचे, त्यात स्वच्छ पाणी भरायचं आणि एकेका ग्लासात एकेका वावरातलं सुकं ढेकूळ हळूच सोडायचं. ढेकूळ फुटलं तरी हरकत नाही, काळी माती थोडीफार फुटतेच. बघायचं ते पाणी. पाणी नितळ राहिलं तर समजायचं की मातीचे कण एकमेकांना धरून आहेत, त्यांच्या मधल्या फटींतून पाणी खाली जाईल. पाणी गढूळ झालं तर कण सुटे झाले, फटी बुजल्या, पाणी वरच अडकलं. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे एका नजरेत कळतं.

या प्रयोगाचा आमचा एक नियम आहे. ढेकूळ कोणाच्या वावरातलं ते आम्ही विचारत नाही आणि सांगतही नाही. गावातलाच कोणी आदल्या दिवशी चार-सहा वावरांत फिरून ढेकळं आणून ठेवतो. उद्देश असा की कोणाची मान खाली जाऊ नये.

नामदेवरावांच्या वावराच्या गावात कार्यक्रम ठेवला तेव्हाही तसंच केलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ग्लास मांडले, पुढे गाव जमलं. नामदेवराव मागे, निंबाच्या झाडाखाली, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे. लेक बोलणार म्हणून मुद्दाम आले होते.

वंदनाताई त्या दिवशी रंगात होत्या. चांगले ग्लास दाखवून झाले. मग शेवटचा ग्लास त्यांनी उचलला. त्यातलं ढेकूळ पाण्यात पडल्या पडल्या विरघळलं होतं आणि पाणी चहासारखं झालं होतं. ताईंनी तो ग्लास उंच धरला आणि म्हणाल्या, "याला वावर म्हणत नाहीत, याला अंगण म्हणतात. या मालकाला सांगा, इथे पेरू नको, लग्नाचा मांडव टाक."

सगळं गाव हसलं. मीही हसलो. हसण्याच्या त्या लाटेतच पुढे बसलेले दादाराव म्हणाले, "म्याडम, हे त तुमच्या बाबाचंच हाय. म्याच आणलं त्याईच्या वावरातून."

नामदेवराव झाडाखालून निघाले. लोकांनी वाट दिली. ओट्यावर आले, लेकीच्या हातातला ग्लास घेतला, गढूळ पाणी बाजूला ओतलं. नळावर जाऊन ग्लास धुतला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि परत ओळीत, जिथे होता तिथे, उलटा ठेवला. मग सायकल काढून गेले.

*

त्यानंतर ते लेकीशी बोलले नाहीत. ताई दर रविवारी पुलगावला जायच्या. त्या घरी पोचायच्या आधीच नामदेवराव सायकल काढून वावरात गेलेले असायचे. आईने त्यांना एकदा म्हटलं की पोरगी वावरातच येते म्हणते. तर म्हणाले, "तिले दाखवासारखं नाई ते."

आईकडूनच दुसरी गोष्ट कळली. आणखी दोन हंगाम पाहतो, तरी जमलं नाही तर वावर दादारावला परत देऊन टाकतो, असं ते म्हणाले होते. हे ताईंनी आम्हाला जीपमध्ये सांगितलं. देवळीच्या रस्त्याने चाललो होतो. ताई म्हणाल्या, "जमीन गेली असती तर मी सोसलं असतं. ती माझ्या त्या एका वाक्यापायी जाईल, हे मला सोसत नाही."

शंकरभाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि आरसा पुसायला खाली उतरले. आरसा स्वच्छच होता.

*

मग आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि शंकरभाऊंनी, ताईंना न सांगता पुलगाव गाठलं. मध्यस्थी करायची होती. मी दुकानदाराचा मुलगा, रिकाम्या हाताने कसा जाणार? दुकानातून एका पुडीत गव्हाचं पीठ आणि एका पुडीत रवा घेतला होता.

नामदेवरावांनी खुर्च्या पुसून दिल्या. मी ताईंच्या आईकडून दोन बशा मागितल्या. एका बशीत पिठाचा ढीग केला, दुसरीत रव्याचा. दोन्हींवर वरून पाणी ओतलं. रव्यातून पाणी झटकन तळाला गेलं. पिठावर मात्र लगदा झाला, पाणी ओघळून बशीबाहेर आलं, आणि बोटाने उकरलं तर आत पीठ कोरडं ठणठणीत. मी म्हटलं, काकाजी, धान्य एकच, गहू. फरक फक्त दळण्याचा. तुमच्या वावराचं तसंच झालं आहे, रोटावेटरने तुम्ही त्याचं पीठ केलं आहे. एवढं मुद्देसूद मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

नामदेवरावांनी बशा नीट पाहिल्या. टेबलावर सांडलेलं पाणी फडक्याने पुसलं. म्हणाले, "पीठ वाया गेलं."

ताईंच्या आईने त्या पिठाची धिरडी करून आम्हाला खाऊ घातली, म्हणून तेही वाया गेलं नाही. निघताना मात्र नामदेवराव फाटकापर्यंत आले. मला म्हणाले, "तुह्या शास्त्रात काडीकचरा वावरात ठेवा लागते. नाई का?" मी हो म्हटलं. ते रस्त्याकडे बघत राहिले. मग जे बोलले ते मी विसरू शकत नाही.

"माहं वावर रस्त्यावर आहे. येणारा-जाणारा पाह्यते. दादारावच्या वावरात गवत वाढलं त लोकं म्हणतात, पाऊस जास्त झाला. माह्या वावरात वाढलं त म्हणतात, यायले शेती जमत नाई. यायच्यात कोणी केली होती?"

तळेगावात आमचंही वावर आहे आणि त्यात गवत गुडघ्याएवढं असतं. आम्हाला कधी कोणी काही म्हटलेलं नाही. हे माझ्या तोवर कधी लक्षातही आलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

*

पावसाळ्यात एकदा झड लागली. रस्त्याने जाताना शंकरभाऊंना वाटलं, बघून यावं. नामदेवरावांचं वावर रस्त्याकडून नेहमीसारखंच दिसत होतं. साफसूफ, आणि पिकात पाण्याचं तळं. आम्ही धुऱ्याने मागे गेलो. मागे बोरीच्या झुडपांचा आडोसा आहे, तिथून पुढचा तुकडा रस्त्यावरून दिसत नाही.

तिथे वेगळंच जग होतं. गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचे तुकडे करून जमिनीवर पसरलेले. रोटावेटर फिरलेला नाही. रुंद वरंबे आणि मध्ये सऱ्या, वरंब्यांवर तूर आणि सोयाबीन. अधूनमधून गवतही. मी जपून पाय टाकला. पाय रुतला नाही. वरून पाऊस चालूच होता आणि जमिनीवर पाणी नव्हतं, ते सरळ खाली चाललं होतं. शंकरभाऊंनी सवयीने चप्पल काढली होती, ती हातातच राहिली.

बोरीमागून नामदेवराव उठले. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात विळा. पकडले गेल्यासारखा चेहरा झाला होता. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी बजावलं, "तिले सांगसान नोको."

आम्ही शब्द दिला. शंकरभाऊंनी आयुष्यात पोटात ठेवलेली ही एकमेव गोष्ट असावी. त्या पावसाळ्यात ते जीपमध्ये इतके गप्प असायचे की ताईंनी त्यांना एकदा बीपी तपासून घ्यायला लावलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याने जाणारे लोक त्या वावरापाशी थबकायला लागले. बसच्या खिडकीतून माना बाहेर येत. पूर्ण वावरात, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत, पऱ्हाट्यांचे तुकडे पसरलेले, भेगा उघड्या, धुऱ्यावर गवत. गावात चर्चा झाली की नामदेवराव आजारी आहेत. काहींनी सांगितलं की वावर विकलं.

दादाराव स्वतः गाडी थांबवून उतरले. विचारलं, "काऊन नामदेवरावजी, औंदा वावर झाडलं नाई?"

नामदेवराव रस्त्याच्या कडेलाच उभे होते, सगळ्यांना दिसतील असे. त्यांनी सांगितलं, "नाई."

एवढंच. दादारावांनी थोडा वेळ आणखी काही ऐकायची वाट पाहिली आणि मग गाडीला किक मारली. हे आम्हाला दादारावांनीच सांगितलं. पुढे म्हणाले, तो माणूस असा उभा होता की परत वावराचं विचारायची मले हिंमतच झाली नाई.

ताईंच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं असं नाही. बस सगळ्यांचीच त्या रस्त्याने जाते. पण बोलावल्याशिवाय त्या वावरात पाय टाकणार नव्हत्या. रविवारी पुलगावला जायच्या, आईच्या हातचं जेवायच्या आणि यायच्या. बापाचा हट्ट लेकीत उतरलेला होता, आणि दोघांच्या मध्ये आम्ही सुकत होतो.

*

आणि आता हा शेवटचा.

हिवाळ्यातली सकाळ होती. ऑफिसात आम्ही तिघं आणि सेक्रेटरी. दारात नामदेवराव उभे. तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा. ताई खुर्चीतून उठल्या त्या उभ्याच राहिल्या. नामदेवराव त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "ग्लास दे. काचेचा."

मी ग्लास धुऊन आणला. त्यांनी तो उजेडाला धरून पाहिला, स्वतः जाऊन परत धुतला, रुमालाने पुसला. पाणी भरलं. ताईंच्या टेबलावर, फायली बाजूला सारून, ठेवला. मग डबा उघडला. आत कापडात गुंडाळलेलं एक सुकं ढेकूळ होतं, बारीक मुळ्यांनी विणलेलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून पाण्यात सोडलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

बुडबुडे आले. एक कोपरा सुटला आणि तळाशी जाऊन बसला. सेक्रेटरी आपल्या टेबलावरून उठून ग्लासापाशी येऊन उभे राहिले. आणखी थोडे रवाळ कण खाली पडले. चहा आला. नामदेवरावांनी घेतला नाही, त्यावर साय धरली.

ग्लासच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं. पाण्यातून त्याच्या तारखा वाचता येत होत्या.

ताईंचे डोळे भरून आले होते. नामदेवराव उठले. मला वाटलं ग्लास धुवायला नेतील. त्यांनी तो तसाच टेबलावर राहू दिला. रिकामा डबा पिशवीत ठेवला, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, लेकीकडे वळले.

"रविवारी वावरात येजो," म्हणाले. "झाडलेलं नाई, पण येजो."